चर्चमधली माणसं

'हाय नून' परवा पुन्हा पाहिला. कितव्यांदा, ते मोजणं सोडलंय. १९५२ चा कृष्णधवल वेस्टर्न, जेमतेम ८५ मिनिटांचा. घोडे आहेत, बंदुका आहेत, पण खरी चकमक अगदी शेवटी. खलनायक फ्रँक मिलर तर दुपारी बाराच्या गाडीतून उतरेपर्यंत दिसतच नाही. गब्बर पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे जरा विचित्रच. तरीही माणूस जागचा हलत नाही. का?

गोष्ट साधी आहे. हॅडलीव्हिल नावाचं छोटं गाव, रविवारची सकाळ. मार्शल विल केन (आपल्याकडचा ठाणेदार समजा) याचं नुकतंच लग्न लागलंय. बिल्ला उतरवून झालाय, नवा मार्शल उद्या यायचाय. तेवढ्यात तार येते. ज्याला केननं गजाआड केलं, तो मिलर माफी मिळून सुटलाय आणि दुपारच्या गाडीनं येतोय. त्याचे तीन साथीदार स्टेशनवर वाट बघत बसलेत. लोक केनला बायकोसकट गावाबाहेर काढतात, पण तो वाटेतून माघारी येतो. हातात तासाभराहून थोडा जास्त वेळ. तेवढ्यात माणसं जमवायची.

इथून पुढे सिनेमा म्हणजे नुसते नकार. मिलरला शिक्षा सुनावणारा न्यायाधीशच भिंतीवरचा झेंडा उतरवतो, न्यायाचा तराजू सामानात भरतो आणि घोड्यावर बसून चालता होतो. एक मित्र घरातच बसून बायकोला सांगायला लावतो, 'ते घरी नाहीत.' हर्ब नावाचा एकजण आपणहून पुढे येतो, पण आपल्याशिवाय कुणीच नाही हे कळल्यावर त्याला बायकापोरं आठवतात. शेवटी तयार कोण, तर एक डोळा गेलेला दारुडा आणि चौदा वर्षांचा पोरगा.

पण सगळ्यात भारी प्रसंग चर्चमधला. तिथे कुणी भित्रं वाटत नाही हो! रीतसर चर्चा होते. आधी मुलांना बाहेर पाठवतात. कुणी म्हणतं, आम्ही मार्शलच्या पगाराचे पैसे भरतो, मग हे काम आमचं कसं? कुणी म्हणतं, त्याला सोडला वरच्या पुढाऱ्यांनी, निस्तरायचं आम्ही? पाद्रीबुवांनाही काय सांगावं ते सुचत नाही. मग केनचा जुना हितचिंतक हेंडरसन उभा राहतो. केनचं तोंडभरून कौतुक करतो, गावावर त्याचे उपकार आहेत म्हणतो. आपल्याला वाटतं, आला एकदाचा कुणीतरी. आणि तोच पुढे म्हणतो, उत्तरेकडचे लोक इथे पैसा गुंतवायचं म्हणतायत, दुकानं, कारखाने येतील, रस्त्यात मुडदे पडले तर सगळं फिसकटेल. म्हणून विल, तू निघून जा.

विकासाच्या नावाखाली शरणागती इतक्या गोड शब्दांत मांडलेली मी दुसऱ्या सिनेमात पाहिलेली नाही. मला विचाराल तर सिनेमाची पकड इथे आहे. मिलरची भीती वाटतच नाही, भीती वाटते ती हेंडरसनची, कारण त्याचं म्हणणं आपल्याला पटायला लागतं.

हे संवाद कुठून आले? पटकथालेखक कार्ल फोरमन एकेकाळी कम्युनिस्ट पक्षात होता. 'अमेरिकाविरोधी कारवाया' तपासणाऱ्या संसदीय समितीनं त्याला बोलावणं धाडलं, तेव्हा पटकथेचं काम चालू होतं. (मॅकार्थी सिनेटर, ही समिती दुसऱ्या सभागृहाची. पण वारं तेच.) सप्टेंबर १९५१ मध्ये, चित्रीकरण चालू असतानाच, त्याची साक्ष झाली. आपण आता पक्षात नाही एवढं त्यानं सांगितलं, जुन्या सोबत्यांची नावं घ्यायला नकार दिला. झालं. रस्त्यात दिसणारे मित्र दिसेनासे झाले. भागीदार स्टॅन्ली क्रेमरशी फारकत झाली, सहनिर्माता म्हणून नाव गेलं, लेखक म्हणून तेवढं राहिलं. चर्चचा प्रसंग म्हणजे भागीदार आणि वकिलांबरोबरच्या आपल्या बैठकांचाच अर्क, असं फोरमन पुढे सांगायचा. तो इंग्लंडला गेला. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'च्या पटकथेत त्याचा हात होता, पण ऑस्कर गेलं मूळ फ्रेंच कादंबरीकार पियर बूलच्या नावे, ज्यानं ती पटकथा लिहिलेलीच नव्हती!

गंमत म्हणजे केन झालेला गॅरी कूपर पक्का उजव्या विचारांचा. १९४७ मध्ये याच समितीपुढे तो आपखुशीनं गेला होता, मात्र नाव कुणाचंच घेतलं नाही. फोरमन अडचणीत आल्यावर तो त्याच्या नव्या कंपनीत यायला तयार झाला. मग दबाव इतका वाढला की त्यालाही अंग काढून घ्यावं लागलं. फोरमननं त्याबद्दल मनात अढी ठेवली नाही.

जॉन वेनला मात्र हा सिनेमा डाचत राहिला. १९७१ च्या एका मुलाखतीत त्यानं त्याला अमेरिकाविरोधी म्हटलं, फोरमनला देशाबाहेर घालवण्यात हातभार लावल्याचा पस्तावा नाही म्हणाला, वर शेवटी कूपर बिल्ला पायाखाली तुडवतो असंही सांगितलं. सिनेमात केन बिल्ला धुळीत टाकतो आणि निघून जातो, तुडवत वगैरे नाही. याच वेननं कूपरचं ऑस्कर त्याच्या वतीनं स्वीकारलं होतं, आणि ही भूमिका मला का नाही मिळाली म्हणून गमतीनं कुरकुरही केली होती! पुढे १९५९ मध्ये वेन आणि दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांनी उत्तर म्हणून 'रिओ ब्राव्हो' काढला. त्यातला शेरीफ गावाकडे मदत मागतच नाही. सिनेमा झकास आहे, कदाचित 'हाय नून'पेक्षा जास्त मजेचा. पण त्यात गावाची परीक्षाच होत नाही.

आणि हॉलिवूडच्या कम्युनिस्टविरोधकांना खुपलेला हा केन पुढे कुठे पोचला? ४ जून १९८९ रोजी पोलंडमध्ये निवडणूक होती, कम्युनिस्ट राजवटीत पहिल्यांदाच काही जागा खुल्या लढतीच्या होत्या. सॉलिडॅरिटीच्या भित्तिपत्रकावर गॅरी कूपर होता. छातीवर बिल्ल्याच्या वर सॉलिडॅरिटीचं चिन्ह, हातात बंदुकीऐवजी मतपत्रिका. खुल्या लढतीतल्या खालच्या सभागृहाच्या सगळ्या आणि सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा सॉलिडॅरिटीनं जिंकल्या.

मिळाला तर बघा. चर्चच्या प्रसंगात हेंडरसन बोलत असताना केनच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवा.