विखुरलेल्यांचा मुक्काम

पुसद, महागाव, उमरखेड, दिग्रस या पट्ट्यातल्या एखाद्या खेड्यात चौकशी करा, कर्णबधिर माणूस बहुधा एकच निघतो. मोठं गाव असेल तर दोन-तीन. घरात आई-बाप, भावंडं, काका-काकू सगळे ऐकणारे. कर्णबधिर मुलांपैकी दहांतली नऊ तरी ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटीच जन्मतात. त्यामुळे इतरांना भाषा आईच्या मांडीवर मिळते तशी यांना मिळत नाही. आईने आणि लेकराने मिळून काही घरगुती खुणा केलेल्या असतात: भाकर, पाणी, बैल, शेत, दुखतंय, बाबा आले. तेवढ्यावर दिवस निघतो. आजी गेली ती परत का आली नाही, काल बाजारात एवढी गर्दी कशाची होती, देव म्हणजे कोण, हे विचारायला मात्र त्या खुणा अपुऱ्या पडतात.

२०११च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेली माणसं देशभरात ५० लाखांवर भरली. एवढा मोठा समाज, पण त्याची वस्ती कुठेच नाही. बंजाऱ्यांचा तांडा असतो, कोलामांचा पोड असतो. कर्णबधिरांचं गाव नसतं. शाळेच्या वसतिगृहात, एखाद्या मेळाव्यात, शहरातल्या मंडळाच्या खोलीत ही माणसं जमतात, तेवढ्या वेळापुरता हा समाज डोळ्यांना दिसतो. ख्रिस्ती मंडळींनी भरवलेलं कर्णबधिर तरुणांचं आणि प्रौढांचं शिबिर ही अशीच एक जमण्याची जागा. चार दिवस एकत्र राहणं, एकत्र जेवणं, सकाळी बायबलचा पाठ, दुपारी खेळ, रात्री साक्ष आणि मग झोप येईपर्यंत हातांनी चाललेल्या गप्पा. या रिवाजाच्या मागे दोन वेगवेगळे वंश आहेत. ते एकमेकांना भेटायला दीडशे वर्षं लागली.

पहिला वंश तंबूंचा. ऑगस्ट १८०१मध्ये अमेरिकेतल्या केंटकी प्रांतात केन रिज या ठिकाणी हजारो माणसं बैलगाड्या, घोडागाड्या घेऊन जमली आणि कित्येक दिवस तिथेच राहिली. नव्याने वसत असलेला मुलूख, एकेक शेत दुसऱ्यापासून कोसांवर, जवळपास ना देऊळ ना पाळक. रविवारी उपासनेला जाऊन संध्याकाळी घरी परतणं शक्यच नव्हतं. म्हणून शिधा आणि अंथरूण बरोबर घेऊन यायचं, गाडीखाली झोपायचं, दिवसभर प्रवचनं ऐकायची. स्कॉटलंडमधल्या प्रेस्बिटेरियन लोकांच्या प्रभुभोजनाच्या जत्रा या पद्धतीच्या आधीच्या. अमेरिकेत तिला खरा जोर मेथडिस्टांनी दिला आणि शिबिरसभा ही त्यांची ओळख झाली. विखुरलेल्यांसाठी निघालेली ही युक्ती होती, हे ध्यानात ठेवायला हवं.

या मेथडिस्टांतून १८६०मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पेकिन गावी फ्री मेथडिस्ट मंडळी वेगळी निघाली. चर्चमधली बाकं भाडं घेऊन श्रीमंतांना देण्याची तेव्हा रीत होती, तिला त्यांचा विरोध होता, गुलामगिरीलाही होता. शिबिरसभा त्यांच्या हाडीमांसी खिळलेली. १८८१च्या सुरुवातीला अर्नेस्ट वॉर्ड आणि फिबी वॉर्ड हे त्यांचं जोडपं भारतात आलं, आणि पुढच्या दशकात त्यांच्या मिशनने वऱ्हाडात यवतमाळला मूळ धरलं. पुसद तालुका तेव्हा वाशीम जिल्ह्यात होता. १९०५मध्ये तो जिल्हा मोडला आणि पुसद यवतमाळला जोडलं गेलं. पुढे १९५३पासून १९८३मध्ये पुण्याला जाईपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरीही यवतमाळातच होती. देशभरातले भावी पाळक या कापसाच्या मुलखात ग्रीक आणि हिब्रू शिकले. म्हणजे तंबू ठोकून देवाचं नाव घेण्याची सवय या जिल्ह्याच्या ख्रिस्ती मंडळींना घराण्यातूनच मिळाली आहे. सुट्टीतली तरुणांची शिबिरं, कौटुंबिक शिबिरं, स्त्रियांचे मेळावे सगळे त्याच खोडाचे फुटवे.

दुसरा वंश हातांचा. त्याची सुरुवात दुखरी आहे. विश्वास ऐकण्याने येतो, असं पौलाने रोमकरांना लिहिलं होतं. संत ऑगस्टीनने त्या वचनाच्या आधाराने जन्मजात बहिरेपण श्रद्धेच्या आड येतं असं मांडलं, आणि पुढची अनेक शतकं कर्णबधिर माणूस चर्चच्या उंबऱ्यावरच राहिला. त्याच ऑगस्टीनने खुणांनी सगळा व्यवहार करणाऱ्या बहिऱ्या माणसांचं वर्णनही करून ठेवलं आहे. ते पान मात्र फारसं कोणी उलटलं नाही. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये ओन्याच्या मठात पेद्रो पोन्स दे लेऑन या बेनेडिक्टाइन साधूने उमराव घराण्यांतल्या कर्णबधिर मुलांना लिहाय-बोलायला शिकवलं. मौनाच्या वेळी खुणांनी बोलण्याची या साधूंची जुनी रीत होती, तेव्हा हाताने अर्थ सांगता येतो याचं त्याला नवल वाटण्याचं कारण नव्हतं.

१७६०च्या सुमारास पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूने दोन कर्णबधिर बहिणींना शिकवायला घेतलं. कोणी शिकवलं नाही तर या मुली देवाला न ओळखताच मरतील, ही त्याची तळमळ. पुढे त्याची शाळा झाली, आणि शाळेमुळे इतिहासात प्रथमच एवढी कर्णबधिर मुलं एका छपराखाली आली. मुलं एकत्र आली की भाषा वाढते. तिथे ती झपाट्याने वाढली. १८३४मध्ये याच शाळेतला कर्णबधिर शिक्षक फेर्दिनां बेर्तिए याच्या पुढाकाराने लेपेच्या जयंतीच्या सुमारास मेजवानी भरू लागली. दरवर्षी कर्णबधिर माणसं जमायची, जेवायची, हातांनी भाषणं करायची. माझ्या मते आजच्या शिबिराचा खरा पूर्वज ही मेजवानी. कुणी उपकार म्हणून भरवलेली नव्हती, कर्णबधिरांनीच कर्णबधिरांना बोलावलं होतं.

लोरां क्लेर हा याच शाळेतला दुसरा कर्णबधिर शिक्षक. १८१६मध्ये तो थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट या अमेरिकन धर्मोपदेशकाबरोबर जहाजाने अमेरिकेला निघाला. प्रवासात क्लेरने त्याला खुणा शिकवल्या, त्याने क्लेरला इंग्रजी. एप्रिल १८१७मध्ये हार्टफर्डची शाळा उघडली. गॅलॉडेटचा मुलगाही थॉमसच. त्याची आई कर्णबधिर, म्हणून खुणा त्याला घरातच मिळालेल्या. त्याने १८५२मध्ये न्यूयॉर्कमध्ये कर्णबधिरांसाठी सेंट अ‍ॅन चर्च सुरू केलं. त्याच्या प्रोत्साहनाने १८७६मध्ये हेन्री विंटर साइल या कर्णबधिर माणसाला एपिस्कोपल चर्चची दीक्षा मिळाली. ऐकण्याने विश्वास येतो म्हणणाऱ्या चर्चमध्ये न ऐकणारा माणूस वेदीपाशी उभा राहिला.

आणि चारच वर्षांत घड्याळ मागे फिरलं. १८८०मध्ये मिलानला भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने खुणा बंद करून फक्त ओठ वाचणं आणि उच्चार शिकवणं हाच मार्ग ठरवला. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकणारे होते. त्यानंतर पाचेक वर्षांत मुंबईचे कॅथलिक बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने मुंबईत कर्णबधिरांची शाळा निघाली, पुढे ती माझगावला नांदली. आपल्या देशातल्या अगदी पहिल्या शाळांपैकी ही एक, आणि तिचा जन्म मिलानच्या सावलीतला. मुंबईपासून विदर्भापर्यंत ज्या शाळा नंतर निघाल्या त्यांतल्या बहुतेकींत वर्गात हात बांधून बसायचं आणि तोंडाने ध्वनी काढायचे, हाच शिरस्ता राहिला. खुणांची भाषा जगली ती वसतिगृहाच्या ओसरीवर, जेवणाच्या पंगतीत, दिवे विझायच्या आधीच्या अर्ध्या तासात. मोठ्या मुलांनी धाकट्यांना दिली. शाळा सुटली की तो अर्धा तासही सुटायचा आणि मुलगा पुन्हा आपल्या खेड्यात एकटा.

हे दोन वंश विसाव्या शतकाच्या मध्यावर एकत्र आले. अमेरिकेत टेनेसी राज्यात बिल राइस या सुवार्तिकाची मुलगी कर्णबधिर होती. १९५३पासून त्याच्या कुरणावर कर्णबधिर मुलांची शिबिरं भरू लागली. १९७७मध्ये दीक्षा घेतलेले थॉमस कॉफलिन हे तिथले पहिले जन्मतः कर्णबधिर कॅथलिक धर्मगुरू. त्यांनी १९८१मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या तळ्याकाठी शिबिराची कायमची जागा केली आणि तिला मार्कच्या शुभवर्तमानातल्या सातव्या अध्यायाचं नाव दिलं. या दोघांच्या अधेमधे अँड्र्यू फॉस्टर हा कर्णबधिर कृष्णवर्णीय तरुण १९५७मध्ये घानात पोचला होता. १९८७मध्ये विमान अपघातात जाईपर्यंत त्याने आफ्रिकेत कर्णबधिरांच्या ३०हून अधिक शाळा आणि त्यांच्याबरोबर प्रार्थनामंडळ्या उभ्या केल्या. राइस ऐकणारा, कॉफलिन आणि फॉस्टर न ऐकणारे. माझा कौल या दोघांच्या बाजूने आहे, कारण शिबिरात मंचावर कोण उभं आहे यावर सगळं ठरतं.

मार्कच्या सातव्या अध्यायात दकापलीच्या मुलखातल्या बहिऱ्या माणसाची गोष्ट आहे. येशू त्याला बरं करतो, एवढंच आपण रविवारी सांगतो. त्या गोष्टीच्या जोरावर कर्णबधिर मुलांना आरोग्यसभांच्या मंचावर चढवून, कानांवर हात ठेवून, ‘बोल, बोल’ म्हणत गर्दीपुढे उभं करणारे लोक आजही आहेत. मूल घाबरतं, काही घडलं नाही की आईच्या विश्वासातच खोट काढली जाते. हा दुष्टपणा आहे आणि तो थांबला पाहिजे. त्याच गोष्टीत येशू त्या माणसाला आधी गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांत बोटं घालतो, जिभेला स्पर्श करतो, आकाशाकडे बघून उसासा टाकतो. ऐकू न येणाऱ्याशी तो पहिल्यांदा शरीराने बोलतो. कर्णबधिर वाचकांना या ओळी लगेच दिसतात, आणि शिबिराचं काम इथूनच निघतं: बाजूला नेणं, आणि समजेल अशा रीतीने बोलणं.

मराठी ख्रिस्ती उपासना तर कानावरच उभी आहे. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलं, अभंग दिले; टाळ, तबला, पेटी आल्या. ऐकणाऱ्यांना ते माहेरासारखं वाटलं. त्याच बाकावर बसलेल्या कर्णबधिर मुलीला दिसतात ती हलणारी तोंडं. तिच्या हाती बायबल द्या, तेही पुरत नाही. सेरामपूरला १८११मध्ये मराठी नवा करार छापला गेला, पण तिच्यासाठी मराठी ही शाळेत रडतखडत शिकलेली दुसरी भाषा. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण मराठीचं नाही, हिंदीचंही नाही. म्हणूनच पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादचा तेलुगू घरातला कर्णबधिर तरुण आणि पुसदचा मराठी घरातला तरुण अर्ध्या तासात एकमेकांशी गप्पा मारू लागतात, तेव्हा त्यांचे आईबाप शेजारी मुके बसलेले असतात. या भाषेसाठी केंद्र सरकारची संशोधन आणि प्रशिक्षण संस्था दिल्लीत २०१५मध्ये झाली आणि तिचा पहिला शब्दकोश २०१८मध्ये आला. अमेरिकन सांकेतिक भाषेतलं संपूर्ण बायबल २०२०मध्ये पुरं झालं. ते व्हिडिओत आहे आणि त्यासाठी जवळपास चाळीस वर्षं लागली.

पुसदसारख्या ठिकाणी असं शिबिर भरवायचं तर ऐकणाऱ्यांच्या सवयी मोडाव्या लागतात. ओळीने खुर्च्या मांडून चालत नाही, घोड्याच्या नालासारख्या मांडाव्या लागतात, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसतात. बोलणाऱ्याच्या पाठीशी खिडकी नको, नाहीतर उन्हात त्याचा चेहरा काळा पडतो. प्रार्थनेत डोळे मिटायचे नाहीत. मोठा ढोल असेल तर तो फरशीवर टेकवायचा, ठेका तळपायांतून वर येतो. लक्ष वेधायला दिवा दोनदा लावायचा-विझवायचा, आणि टाळीऐवजी दोन्ही हात वर करून हलवायचे. येशूसाठी अनेक देशांत एकच खूण चालते: मधलं बोट एकेका तळहातावर टेकवायचं, जिथे खिळे ठोकले होते तिथे. सगळ्यात मोठी अडचण विजेची. ऐकणाऱ्यांच्या सभेत वीज गेली तर पाळकसाहेब आवाज चढवून पुढे बोलतात. इथे वीज गेली की वाक्य अर्ध्यावर तुटतं आणि सभा संपते. म्हणून जेवणाच्या आधी जनरेटरची किंवा बॅटरीच्या दिव्यांची सोय बघायची.

तरुण आणि प्रौढ एकत्र बोलावण्याला फार महत्त्व आहे. मोठं झालेलं कर्णबधिर माणूस कधी पाहिलंच नाही, म्हणून मोठेपणी आपल्याला आपोआप ऐकू येईल असं समजून चाललेली मुलं जगभर आढळली आहेत. अशा मुलापुढे शिबिरात पन्नाशीची कर्णबधिर बाई येते. ती शिवणकाम करते, तिला नातवंडं आहेत, ती वाद घालते, हसते, प्रार्थना करते, चुकलं तर दटावते. तरुण पोरं लग्नाबद्दल विचारतात, मालक पगार कमी देतो तेव्हा काय करायचं ते विचारतात, बँकेत फॉर्म कसा भरायचा ते विचारतात. बायबलच्या पाठाइतकाच हा भाग मोलाचा, आणि वेळापत्रकात त्याला जागा ठेवली नाही तरी तो रात्री आपली जागा काढतोच.

२ मे २०२४ रोजी केरळातल्या त्रिशूरला होली क्रॉस संघाचे जोसेफ थेर्मादोम यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. भारतातले ते पहिले कर्णबधिर कॅथलिक धर्मगुरू. तोवर आपल्या देशातल्या कर्णबधिर कॅथलिकाला पापकबुली करायची तर खुणा जाणणारा पाद्री शोधायचा, कागदावर लिहून द्यायचं, नाहीतर दुभाषी घ्यायचा. चर्चच्या कायद्यात दुभाष्याची मुभा आहे, गुप्ततेचं बंधनही त्याच्यावर आहे. तरी सगळ्यात खाजगी बोलणं तिसऱ्या माणसासमोर करायचं ते करायचंच. आता आपलीच भाषा आपल्याइतकीच सहज बोलणाऱ्या धर्मगुरूपुढे ती कबुली हातांनी करता येते. यवतमाळ जिल्ह्यातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत पापकबुलीची ती रीत नाही, पण प्रवचन आहे, बायबलचा पाठ आहे, घरभेट आहे. आणि पुढच्या शिबिरात पहिल्या दिवसाचा पाठ दुभाष्याविना, एखाद्या कर्णबधिर तरुणाने किंवा तरुणीने घ्यावा, एवढी तयारी त्यांना आजपासून करता येईल.