अस्सल ‘कॅरेरा आरएस’ची ओळख आणि मूळ रंगाची जपणूक

ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात पोर्शे या जर्मन कंपनीने ‘९११ कॅरेरा आरएस २.७’ ही गाडी सादर केली. शर्यतीच्या नियमांनुसार मान्यता मिळवायची तर अशा किमान ५०० गाड्या बनवणे आवश्यक होते. एवढ्या गाड्यांना गिऱ्हाईक मिळेल काय, अशी शंका कंपनीच्या विक्री विभागाला होती. प्रत्यक्षात नोव्हेंबर १९७२ अखेर या ५०० गाड्या विकल्या गेल्या आणि जुलै १९७३ पर्यंत विक्रीचा आकडा तिपटीहून पुढे गेला. एकूण १,५८० गाड्या तयार झाल्या. आज अर्धशतक उलटल्यानंतर या गाड्यांना लिलावात लाखो डॉलर मोजले जातात आणि नेमक्या याच कारणाने त्यांच्या नकलाही पुष्कळ आहेत.

त्या काळातील साध्या ९११ गाडीला मागचे पसरट मडगार्ड, फायबरची शेपटी आणि दारांखाली ‘कॅरेरा’ ही अक्षरे लावली की दुरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. काही मालक हौसेपोटी अशी गाडी उघडपणे बनवून घेतात. त्यात गैर काही नाही. मात्र तीच गाडी अस्सल म्हणून विकली जाते तेव्हा खरेदीदाराची मोठी फसवणूक होते. म्हणून अशा गाडीची पारख कशी करावी आणि ती अस्सल ठरल्यास तिचा मूळ रंग कसा राखावा, हे दोन्ही प्रश्न एकमेकांशी जोडलेले आहेत.

गाडीचे वेगळेपण

या गाडीच्या मागील बाजूस २,६८७ घनसेंटिमीटर क्षमतेचे, २१० अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे इंजिन आहे. मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा रुंद आहेत. पुढे सहा इंची, तर मागे सात इंची रिम बसवलेली आहे. मागील चाकांना जागा मिळावी म्हणून तेथील बॉडी ४२ मिलिमीटरने रुंद करण्यात आली.

इंजिनाच्या झाकणावरील उंचावलेली कड ही या गाडीची सर्वांत ठळक खूण होय. जर्मन भाषेत तिला ‘ब्युर्त्सेल’ म्हणजे बदकाची शेपटी म्हणतात. हेरमान बुर्स्ट व टिलमान ब्रोडबेक हे अभियंते आणि रोल्फ वीनर हे रचनाकार यांच्या नावे ऑगस्ट १९७२ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज करण्यात आला होता. वेगात असताना गाडीचा मागचा भाग वर उचलला जाऊ नये, हा तिचा उद्देश. तिच्यामुळे गाडीचा कमाल वेगही ताशी ४.५ किलोमीटरने वाढला.

गाडी चार प्रकारांत बनली. ‘एम ४७१’ या क्रीडा संचाच्या २०० गाड्या, ‘एम ४७२’ या प्रवासी संचाच्या १,३०८ गाड्या, शर्यतीसाठीच्या ५५ ‘आरएसआर’ गाड्या आणि मान्यतेसाठी मूळ स्वरूपात ठेवलेल्या १७ गाड्या, असा हा हिशेब आहे. क्रीडा संचाच्या गाडीचे वजन ९६० किलो, तर प्रवासी संचाच्या गाडीचे १,०७५ किलो होते. वजन घटवण्यासाठी पातळ पत्रा आणि पातळ काच वापरण्यात आली. क्रीडा संचाच्या गाडीतून मागची आसने, घड्याळ, गालिचा आणि हाताचे टेकू काढून टाकण्यात आले. बॉनेटवरील कंपनीचे मानचिन्हसुद्धा धातूचे न ठेवता चिकटपट्टीच्या स्वरूपात लावले गेले.

क्रमांकांची भाषा

अशा गाडीची तपासणी शेपटीपासून नव्हे, तर क्रमांकांपासून सुरू करावी. अस्सल गाडीचा चॅसिस क्रमांक दहा अंकी असून तो ‘९११३६०’ या सहा अंकांनी सुरू होतो. त्यातील ‘९११’ हा गाडीचा प्रकार, ‘३’ म्हणजे १९७३ चे मॉडेल, ‘६’ म्हणजे कॅरेरा आरएस आणि ‘०’ म्हणजे पक्क्या छताची कूपे गाडी. उरलेले चार अंक गाडीचा अनुक्रम सांगतात. पाचव्या जागी ‘१’ असेल तर ती मुळात ९११ टी, ‘२’ असेल तर ९११ ई आणि ‘३’ असेल तर ९११ एस होय. बाहेरून ती कशीही दिसत असली, तरी अशी गाडी कॅरेरा आरएस ठरत नाही.

हा क्रमांक पुढच्या डिकीत पत्र्यावर ठोकलेला असतो, तसाच तो वेगळ्या धातूच्या पट्टीवरही असतो. पट्टी काढून दुसऱ्या गाडीला लावणे अवघड नाही. त्यामुळे पत्र्यावरील अंकांनाच अधिक महत्त्व आहे. अंकांची घडण, त्यांमधील अंतर आणि खोली एकसारखी आहे काय, आजूबाजूचा पत्रा घासलेला आहे काय, क्रमांकाच्या तुकड्याभोवती वेल्डिंगची रेषा आहे काय, हे बारकाईने पाहावे लागते. क्रमांकाच्या जागी रंगाचा जाड थर असल्यास तो संशयाला पुरेसे कारण ठरतो.

इंजिनाच्या बाबतीत आणखी सावधगिरी हवी. या गाडीच्या इंजिनाचा प्रकार ‘९११/८३’ असा आहे. परंतु हाच प्रकार युरोपात विकल्या गेलेल्या १९७४ आणि १९७५ च्या कॅरेरा २.७ गाड्यांतही वापरला गेला. म्हणजे केवळ प्रकार जुळल्याने काही सिद्ध होत नाही. १९७३ च्या इंजिनाचा क्रमांक ‘६६३’ने सुरू होतो, तर त्यापुढील वर्षांचे ‘६६४’ व ‘६६५’ने. उलटपक्षी, शर्यतीत इंजिन निकामी होऊन ते बदलले गेलेल्या अस्सल गाड्याही आहेत. अशा गाडीचे मूल्य कमी होते, पण तिचे अस्सलपण संपत नाही.

यानंतर कागदपत्रांची पाळी येते. पोर्शेच्या कारखान्यात प्रत्येक गाडीचे नोंदपत्र ठेवले जात असे. ‘कार्डेक्स’ या नावाने ते ओळखले जाते. चॅसिस, इंजिन व गिअरबॉक्स यांचे क्रमांक, मूळ रंग, मागवलेले संच आणि गाडी कोणत्या विक्रेत्याकडे गेली, ही माहिती त्यात असते. गाडीवरील क्रमांक आणि कारखान्याची नोंद यांचा मेळ बसला, तरच पुढील तपासणीला अर्थ आहे.

रंग हाही एक दस्तऐवज

कागद बनावट करता येतात आणि पट्ट्याही बदलता येतात. पण पन्नास वर्षे जुना रंग पुन्हा तयार करता येत नाही. म्हणूनच जाणकार मंडळी मूळ रंगाला पुरावा मानतात. दाराच्या खांबावरील छोट्या पट्टीवर रंगाचा सांकेतिक क्रमांक दिलेला असतो. तो कारखान्याच्या नोंदीशी आणि गाडीच्या झाकलेल्या भागांतील रंगाशी जुळला पाहिजे. रबरी पट्ट्यांखाली, डॅशबोर्डच्या मागे आणि डिकीतील गालिच्याखाली वेगळाच रंग आढळला, तर गाडीचा रंग केव्हातरी बदलला गेला आहे, हे निश्चित समजावे.

रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र येथे उपयोगी पडते. पोलादी पत्र्यावरील कारखान्याचा रंग साधारणपणे ८० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. आकडा २०० ते ३०० च्या घरात गेला, तर दुसऱ्यांदा रंग दिल्याची शक्यता असते. ५०० च्या वर गेला, तर खाली लांबी भरलेली असण्याचा संभव अधिक. मागच्या चाकांवरील कमानी विशेष काळजीने मोजाव्यात; कारण साध्या ९११ ची नक्कल करताना पसरट पत्रा जोडला जातो तो याच ठिकाणी आणि जोड लपवण्यासाठी लांबीही येथेच भरली जाते. मात्र जाड थर म्हणजे नक्कलच, असा निष्कर्ष काढू नये. अपघातानंतर दुरुस्त झालेल्या अस्सल गाडीवरही तो सापडतो. त्यासाठी कमानीच्या आतील बाजूचे जोड पाहावे लागतात. फायबरच्या शेपटीवर हे साधे यंत्र चालत नाही. तेथे ध्वनिलहरींवर चालणारे यंत्र लागते.

विक्रीपूर्वी संपूर्ण गाडीला नवा रंग देण्याची प्रथा यासाठीच घातक आहे. नव्या रंगाखाली नकली गाडीचे जोड झाकले जातात आणि अस्सल गाडीचा पुरावाही नष्ट होतो. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ च्या ट्यूरिन सनदेत जतनाला प्राधान्य दिले आहे, ते याच विचाराने. वाहन नवे दिसण्यापेक्षा त्याचा इतिहास टिकणे महत्त्वाचे, असा तिचा आशय आहे.

दुरुस्तीची पद्धत

त्या काळातील साधे, म्हणजे धातूची चमक नसलेले रंग एकाच थराचे असत. आजच्या गाड्यांवर रंगावर जो पारदर्शक थर असतो, तो त्यांवर नसे. त्यामुळे पॉलिश करताना फडक्याला रंग लागतो. यात घाबरण्यासारखे काही नाही, पण प्रत्येक घासणीगणिक मूळ रंग थोडा थोडा कमी होत असतो, याचे भान ठेवावे लागते.

कामाला हात घालण्यापूर्वी प्रत्येक भागाची छायाचित्रे घ्यावीत आणि रंगाच्या जाडीची नोंद करावी. त्यानंतर सौम्य साबणाने धुऊन, चिकणमातीसारख्या खास गोळ्याने पृष्ठभागावर रुतलेली धूळ काढावी. निस्तेज झालेल्या रंगावर सर्वांत सौम्य पॉलिश आधी लहानशा जागेवर वापरून पाहावे. त्याने भागत नसेल, तरच किंचित तीव्र कंपाउंड घ्यावे. बॉनेटच्या व दारांच्या कडांवर रंग सर्वांत पातळ असतो. तेथे मशीन न लावता हातानेच काम करावे.

खड्यांनी उडालेल्या टिपक्यांसाठी संपूर्ण बॉनेट रंगवण्याची गरज नसते. जागा तेलकटपणा घालवून स्वच्छ करावी, उघडा पत्रा असल्यास प्रायमर लावावा आणि बारीक ब्रशने रंगाचे पातळ थर एकावर एक द्यावेत. ते पूर्ण वाळल्यावर २००० किंवा त्याहून बारीक वॉटर पेपरने समतल करून हलके पॉलिश करावे. पत्र्यावर उथळ पोचा असेल आणि रंग फुटला नसेल, तर आतील बाजूने हत्याराने हळूहळू पत्रा उचलता येतो. यात लांबीही लागत नाही आणि रंगही शाबूत राहतो.

रंग जुळवणे हे यातील सर्वांत कठीण काम होय. सांकेतिक क्रमांकावरून बनवलेला रंग हा नव्या गाडीचा रंग असतो. समोरची गाडी मात्र पन्नास वर्षे ऊन खाल्लेली असते. म्हणून आधी झाकलेल्या भागातील न विटलेल्या रंगावरून मूळ छटा ठरवावी, मग दुरुस्त करावयाच्या जागेशेजारची छटा पाहून मिश्रण बदलावे आणि पत्र्याच्या वेगळ्या तुकड्यावर फवारून, वाळवून, उन्हात व सावलीत दोन्हीकडे ताडून पाहावे. दारांखालील ‘कॅरेरा’ची जुनी अक्षरे शक्यतो काढू नयेत. त्यांच्याखालील रंग ऊन न लागल्यामुळे वेगळा राहिलेला असतो आणि ही छटाच अक्षरे मूळची असल्याचा पुरावा असते.

गंजाच्या बाबतीत मात्र तडजोड चालत नाही. पोर्शे ९११ ला संपूर्ण जस्तलेपित बॉडी मिळाली ती १९७६ च्या मॉडेलपासून. त्याआधीच्या या गाड्यांचा पातळ पत्रा गंजाला लवकर बळी पडतो. रंगाला फुगे आले असतील, तर वरून रंग देऊन ते झाकू नयेत. सडलेला भाग कापून तितक्याच जाडीचा पत्रा जोडावा आणि नवा रंग शेजारच्या कडेपर्यंतच मर्यादित ठेवावा. काढलेला तुकडा व छायाचित्रे गाडीच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवावीत. जुन्या पिवळ्या, नारिंगी व तांबड्या रंगांत शिसेयुक्त द्रव्ये वापरली जात असत. त्यामुळे असा रंग कोरडा घासू नये. पाणी वापरावे, योग्य मास्क लावावा आणि मुलांना कामाच्या जागेपासून दूर ठेवावे.

भारतीय मालकांसाठी

मूळ स्वरूपाचे महत्त्व आता भारतीय नियमांतही आले आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी सुरू करण्यात आली. वाहन मूळ स्वरूपात असावे आणि त्याच्या चॅसिसमध्ये, बॉडीत वा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी त्यात अट आहे. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क असून ती दहा वर्षे वैध राहते. पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये आहे. अशी वाहने प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येतात. दैनंदिन अथवा व्यावसायिक वापराला परवानगी नाही.

गाडी जर्मनीतील कॅरेरा आरएस असो वा घराच्या अंगणात उभी असलेली आजोबांच्या काळातील जुनी मोटार, नियम एकच आहे. आधी क्रमांक पाहावेत, मग कागद, मग रंग. आणि रंगाला हात लावण्याआधी त्याची नोंद करून ठेवावी. एकदा खरवडून काढलेला मूळ रंग कितीही पैसे मोजले तरी परत मिळत नाही.