शेक, लाईट आणि धास्ती : किरणोपचाराआधीच्या मनाचा इतिहास

यंत्राचा इतिहास सांगणं सोपं. यंत्राच्या दाराबाहेर बाकावर बसलेल्या माणसाचा अवघड. आज आपण तो दुसरा पाहू.

आपल्या शहरात, आमखास मैदानाच्या परिसरात, शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ साली सुरू झालं. त्याआधी मराठवाड्यातल्या कित्येक रुग्णांना बार्शी गाठावी लागे, नाहीतर १९४१ साली उघडलेलं मुंबईचं टाटा रुग्णालय. अंतर कमी झालं. धास्ती मात्र तशीच राहिली. घरचे 'साधी गाठ आहे, थोडा शेक द्यायचाय' एवढंच सांगून म्हाताऱ्याला घेऊन येतात. दारावरची पाटी उरलेलं सगळं सांगून टाकते. मग तो गप्प होतो. कुणी जेवण सोडतो, कुणी 'मला घरी न्या' म्हणतो.

हा 'शेक' शब्द जरा नीट बघू. कुणी 'लाईट' म्हणतं, पण मनात येतं ते भाजणंच. ही भीती अडाणीपणाची नाही, तिच्यामागे इतिहास आहे. रोंटगेननी क्ष-किरण शोधले १८९५ मध्ये. एडिसनच्या प्रयोगशाळेतला क्लॅरेन्स डॅली त्याच किरणांच्या जखमांनी आणि त्यातून झालेल्या कर्करोगानं १९०४ मध्ये गेला. त्या काळच्या कमी शक्तीच्या किरणांचा मोठा मारा कातडीवरच बसे. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट यंत्रावर उपचार सुरू झाले. त्याचे किरण खोल जात, कातडी बरीच वाचे. यंत्र बदललं, शब्द मात्र मागे राहिला.

आणि मनाची दखल? न्यूयॉर्कच्या मोठ्या कर्करोग रुग्णालयात जिमी हॉलंड यांनी मानसोपचार विभाग सुरू केला तो १९७७ साली. शून्य ते दहा अशा खुणांचा 'त्रासाचा थर्मामीटर' आला १९९८ मध्ये. म्हणजे किरण सापडल्यापासून 'तुम्हाला किती जड जातंय?' हे मोजून विचारायला शंभरेक वर्षं गेली!

तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण घ्या. तंबाखू-गुटख्यानं आपल्याकडे ते पुष्कळ. उपचाराआधी चेहऱ्यावर गरम, मऊ जाळी दाबून मुखवटा घडवतात. डोकं हलू नये म्हणून तो टेबलाला अडकवतात. का, ते कुणी सांगितलं नाही, तर तिथेच जीव घुसमटतो. सांगायचं ते थोडंच आहे: किरण लागताना दुखत नाही. खोलीत तुम्ही एकटे असलात तरी बाहेरून तुम्ही दिसता. बाहेरून किरण घेतल्यावर नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नाही. पुढे तोंड येईल, कातडी काळवंडेल. तेही लपवू नये.

मधेच सुटलेला उपचार कर्करोगाच्या पथ्यावर पडतो. म्हणून बाकावरची ती दहा मिनिटं आपण उपचारातच धरली पाहिजेत. पाटीनं सांगण्याआधी माणसानं सांगावं, एवढंच.