‘अनुशासनपर्व’ : कर्ता हरवलेल्या एका शब्दाचा इतिहास

बोलणाऱ्याच्या शब्दाला त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवून त्याला अडवणे याला न्यायशास्त्रात ‘छल’ म्हणतात, आणि छलाच्या तीन प्रकारांपैकी पहिल्या प्रकाराला, म्हणजे एकाच शब्दाच्या दोन अर्थांचा लाभ उठवण्याला, ‘वाक्छल’ अशी संज्ञा आहे. ‘नवकंबल’ या शब्दाने बोलणाऱ्याला नवे कांबळे पांघरलेला मुलगा अभिप्रेत असताना ऐकणाऱ्याने ‘याच्याजवळ नऊ कांबळी कुठे आहेत?’ असे विचारावे, हे भाष्यकार वात्स्यायनाने दिलेले त्याचे उदाहरण आहे. वादसभेत अशा छलाने फारशी हानी होत नाही, कारण दोन्ही पक्ष समोरासमोर बसलेले असतात आणि ज्याचा शब्द वाकवला गेला तो तिथल्या तिथे हरकत घेऊ शकतो. परंतु हाच छल राज्यसत्तेने केला, छापखाना आणि आकाशवाणी तिच्याच हाती असली आणि हरकत घेऊ शकणारे तुरुंगात असले, तर शब्दाचे आणि तो ऐकणाऱ्या समाजाचे काय होते, हे १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या एकवीस महिन्यांत दिसून आले. ‘अनुशासनपर्व’ हा त्या काळातील सर्वांत प्रतिष्ठित आणि म्हणूनच सर्वांत घातक शब्द होता.

‘शास्’ या धातूचे शिकवणे आणि सत्ता चालवणे असे दोन्ही अर्थ आहेत, परंतु त्याला ‘अनु’ हा उपसर्ग लागून बनलेला ‘अनुशासन’ हा शब्द प्राचीन वाङ्मयात प्रामुख्याने उपदेशाच्या बाजूला राहिला आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत अध्ययन संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य जे सांगतो ते अनुशासन होय. व्याकरणाला ‘शब्दानुशासन’ म्हणतात ते याच अर्थाने, कारण वैयाकरण भाषेवर हुकूम चालवत नाही, शिष्ट जसे बोलतात त्यामागून जाऊन तो त्यांच्या बोलण्याची व्यवस्था उलगडून दाखवतो. महाभारताच्या तेराव्या पर्वाचे नाव अनुशासनपर्व आहे आणि त्यातील प्रसंगाची मांडणी मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. तेथे बोलणारे भीष्म शरशय्येवर पडलेले आहेत, त्यांच्या हाती ना शस्त्र आहे ना सत्ता, आणि ऐकणारा युधिष्ठिर हा युद्ध जिंकून राज्यावर आलेला राजा आहे. मूळ अनुशासनपर्वात उपदेश राजाला होतो, प्रजेला नव्हे.

२५ जून १९७५ च्या रात्री राज्यघटनेच्या ३५२ व्या अनुच्छेदाखाली, ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण देऊन आणीबाणी जाहीर झाली. त्या वेळी आचार्य विनोबा भावे वर्ध्याजवळच्या पवनार आश्रमात होते आणि २५ डिसेंबर १९७४ पासून त्यांनी एक वर्षाचे मौन धारण केलेले होते. या मौनात त्यांच्याकडून आलेली ‘अनुशासनपर्व’ ही दोन पदे सरकारी प्रचारयंत्रणेने उचलली आणि फलकांवर, पत्रकांत व नभोवाणीवर त्यांचा अर्थ एकच करण्यात आला, तो असा की आणीबाणी हे राष्ट्राला शिस्त लावणारे युग आहे व त्याला विनोबांचा आशीर्वाद आहे. ज्या शब्दात निःशस्त्र गुरू सत्ताधाऱ्याला उपदेश करत होता, त्याच शब्दाने आता सत्ताधारी निःशस्त्र प्रजेला दटावू लागला. शब्दातले अक्षरही बदलावे लागले नाही.

मराठीत रोजच्या व्यवहाराचा शब्द ‘शिस्त’ हा आहे, आणि शिस्त ही नेहमी कोणीतरी कोणाला तरी लावतो, त्यामुळे ती कोण लावतो आणि कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न त्या शब्दप्रयोगातच दडलेला असतो. ‘पर्व’ मात्र लावावे लागत नाही. ते ऋतूसारखे आपोआप येते, आणि जे आपोआप आले त्याचा जाब कोणाला विचारणार? आणीबाणीच्या भाषेची खरी पोकळी येथे आहे. त्या भाषेतील शब्द निरर्थक नव्हते, त्यांतला कर्ता काढून घेतलेला होता. ‘स्थानबद्ध करण्यात आले’, ‘मजकूर वगळण्यात आला’ अशा सरकारी वाक्यरचनेची सवय मराठी वाचकाला आधीपासून होतीच. आता सारे सार्वजनिक जीवनच त्या रचनेत बसवले गेले. शहा आयोगाच्या आकडेवारीनुसार ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ माणसे पकडली गेली, आणि ‘मिसा’खाली खटल्याविना झालेल्या कैदेचे नाव ‘स्थानबद्धता’ असे होते, जणू कोणी जागेवरून हलू नये एवढीच अपेक्षा असावी. १९७६ च्या कायद्याने वृत्तपत्रांतील ‘आक्षेपार्ह मजकुरा’ला बंदी केली. दिल्लीत तुर्कमान गेटजवळची घरे पाडली गेली आणि १९ एप्रिल १९७६ रोजी तेथे गोळीबारात माणसे मेली, त्या मोहिमेला ‘सौंदर्यीकरण’ म्हटले गेले.

नसबंदीच्या मोहिमेतील शब्दांची कथा याहून क्लेशदायक आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख शस्त्रक्रिया झाल्या, म्हणजे आदल्या वर्षीच्या तिपटीहून अधिक. शिक्षक आणि सरकारी नोकर यांना ठरावीक संख्येची माणसे आणून देण्याचे काम लावले गेले, आणि या कामाला ‘मोटिव्हेशन’, म्हणजे मन वळवणे, असे नाव होते. आणलेला माणूस ‘केस’ झाला, आणि ज्याच्या पगारावर किंवा बढतीवर टाच येणार होती तो शिक्षक ‘मोटिव्हेटर’ झाला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही, हे राज्याचे भाग्य म्हणावे लागेल. तरी एक गोष्ट नोंदवली पाहिजे की या विधेयकाने निदान सक्तीला सक्ती म्हटले होते. इतरत्र तीच सक्ती ‘प्रोत्साहन’ या शब्दाआड चालू होती आणि म्हणून तिच्याविरुद्ध दाद मागणे अधिक अवघड होते.

विनोबांनी २५ डिसेंबर १९७५ रोजी मौन सोडले तेव्हा शासन आणि अनुशासन यांतील भेद त्यांनी स्पष्ट केला. शासन सत्तेचे असते, अनुशासन आचार्यांचे असते, आणि आचार्य तो की जो निर्भय, निर्वैर आणि निष्पक्ष असतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. पुढच्याच महिन्यात पवनारला भरलेल्या आचार्य संमेलनाने देशातील स्थिती पूर्ववत करावी, अशी अपेक्षाही व्यक्त केली. पण शब्द तोवर सहा महिने गावोगाव फिरला होता, आणि फलकांवरचा अर्थ जितक्या मोठ्या अक्षरांत पोहोचला तितक्या मोठ्या अक्षरांत हा खुलासा पोहोचवणारे कोणी नव्हते. विनोबांना ‘सरकारी संत’ म्हणून हिणवले गेले, ते त्यांच्या आयुष्यभराच्या कार्याकडे पाहता अन्यायाचे होते. तथापि, शब्दांच्या अर्थाविषयी एवढा जागरूक असलेल्या पुरुषाने आपल्या शब्दाचा असा वापर चालू असताना मौनाचा नियम मोडला नाही, ही बाब इतिहासाला नजरेआड करता येत नाही.

त्याच डिसेंबरात कराडला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी दुर्गा भागवत होत्या आणि केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते. महाभारतातील व्यक्तिरेखांवर ‘व्यासपर्व’ लिहिणाऱ्या या विदुषीला ‘पर्व’ शब्दाचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. लेखनस्वातंत्र्याविषयी त्या तेथे उघड बोलल्या आणि आजारी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी त्यांनी सभेला प्रार्थना करण्यास सांगितले. त्या प्रार्थनेत घोषणा नव्हती, एका माणसाचे नाव होते, आणि नावे उच्चारू न देणाऱ्या त्या काळात तेवढ्याने सभेची मान वर झाली. पुढे दुर्गाबाईंनाही अटक झाली. फेब्रुवारी १९७६ मध्ये मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानेही सर्व वृत्तपत्रांना एका सुरात बोलायला लावणे हे सेन्सॉरचे काम नाही, असा निर्वाळा दिला.

मार्च १९७७ च्या निवडणुकीत मतदारांनी ते सरकार पाडले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ३५२ व्या अनुच्छेदातील ‘अंतर्गत अशांतता’ हे कोणालाही, कशालाही लावता येणारे शब्द काढून टाकले आणि त्यांच्या जागी ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द घातले. ‘अशांतता’ आहे की नाही हे राज्यकर्त्यांच्या अस्वस्थतेवरही ठरू शकत होते. उठाव म्हटला की तो कोणी केला आणि शस्त्र कोणाच्या हाती होते, हे आता सांगावे लागते.