तीन इंची मासा विरुद्ध टेलिको धरण

अमेरिकेतल्या लिटल टेनेसी नदीवर टेलिको धरणाचं काम १९६७ मध्ये सुरू झालं. १९७३ च्या ऑगस्टमध्ये प्राणिशास्त्रज्ञ डेव्हिड एटनियर यांना त्याच नदीत एक जेमतेम तीन इंची मासा सापडला. गोगलगायी खाणारा, म्हणून ‘स्नेल डार्टर’. त्याच वर्षाच्या शेवटी संकटग्रस्त प्रजातींच्या रक्षणाचा कायदा आला.

कायद्याचा विद्यार्थी हायरम हिल आणि प्राध्यापक झिगमंट प्लेटर कोर्टात गेले. धरणावर दहा कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला होता. सुप्रीम कोर्टात सरकारच्या ॲटर्नी जनरलनी बाटलीतला मासा न्यायमूर्तींपुढे धरला: एवढ्याशा जीवासाठी एवढं धरण अडवायचं?

१५ जून १९७८. निकाल सहा विरुद्ध तीन, माशाच्या बाजूने. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिलं, की प्रजाती वाचवायची, मग किंमत काहीही पडो, हाच संसदेचा हेतू आहे.

मग संसदेनेच सूट देण्यासाठी मंत्रिस्तरीय समिती नेमली. तिने १९७९ च्या जानेवारीत हिशेब तपासून एकमताने नकार दिला. प्रकल्प आर्थिकदृष्ट्याही आतबट्ट्याचा ठरला. तरीही खर्चाच्या विधेयकात एक कलम घुसडलं गेलं, अध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि नोव्हेंबरात दरवाजे बंद झाले. चेरोकी लोकांची जुनी गावठाणं पाण्याखाली गेली.

मासा मात्र हिवासीसारख्या इतर नद्यांत सोडल्यामुळे तगला. २०२२ मध्ये त्याचं नाव संरक्षित यादीतून निघालं.