मोहाच्या मुळाशी मधु

हिंगोली जिल्हा ओलांडून पूर्वेला किनवटच्या जंगलात शिरलं, की मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाखाली फुलांचा सडा दिसतो. मांसल, पिवळसर, बोटांना चिकटणारी फुलं. वाळली की मनुकांसारखी दिसतात आणि लागतातही तशीच. हे झाड माणसाला भुलवतं म्हणून 'मोह', अशी समजूत सर्रास आढळते. पण भुलीचा मोह 'मुह्' धातूतून आला. झाडाचं नाव संस्कृतात 'मधूक', प्राकृतात 'महुअ' आणि आपल्याकडे मोह. मुळाशी आहे 'मधु'.

मधु म्हणजे नुसता मध नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मद्यालाच हे नाव आहे. त्याचे प्रकार मुलखांवरून ओळखले जात: एक हारहूरक, दुसरं कापिशायन, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातल्या कपिशाचं. ग्रीकांचं 'मेथु' म्हणजे वाइन, इंग्रजांचं 'मीड' म्हणजे मधाची दारू; सगळी एकाच कुळातली. गोडवा आणि मद्य दोन्हींना एक शब्द पुरत होता.

आता मात्र मान 'ड्राय', म्हणजे गोडवा नसलेल्या वाइनला. गोव्याची गोड पोर्ट नवशिक्यांची म्हणून बाजूला सारली जाते. हा तुच्छभाव मला मुळीच पटत नाही. दक्षिण आफ्रिकेची गोड कॉन्स्टान्शिया सेंट हेलेनावर कैदेतल्या नेपोलियनसाठी जात असे. एकोणिसाव्या शतकात रोगानं तिथल्या वेली गेल्या, वाइनही विस्मरणात गेली. १९८०च्या दशकात तिथे पुन्हा मस्कत द्राक्षाच्या वेली लावल्या गेल्या आणि ती परतली.