द टार्गेट
‘द वायर’ या अमेरिकन गुन्हेविषयक दूरचित्रवाणी मालिकेचा पहिला भाग. एचबीओ वाहिनीवर २ जून २००२ रोजी प्रथम प्रसारित. पटकथा डेव्हिड सायमन, कथा सायमन व एड बर्न्स, दिग्दर्शन क्लार्क जॉन्सन. सायमन बाल्टिमोरमध्ये वृत्तपत्राचे वार्ताहर, तर बर्न्स तेथेच पोलीस तपासाधिकारी होते. मालिकेचा रोखठोकपणा या अनुभवातून आला आहे.

हेरॉइन विकणाऱ्या टोळीच्या म्होरक्याचा भाचा डीअँजेलो बार्क्सडेल याच्यावर खुनाचा खटला चालू असतो. साक्षीदार दोन. सुरक्षारक्षक नकीशा लाइल्स न्यायालयात जबाब फिरवते. डागडुजीचे काम करणारा विल्यम गँट मात्र आरोपीला ओळखतो. टोळीचे लोक प्रेक्षकांत नुसते बसून असतात. धमकीचा शब्दही उच्चारावा लागत नाही. ज्युरी आरोपीला निर्दोष सोडते. तपासाधिकारी मॅकनल्टी न्यायाधीशांकडे मन मोकळे करतो, वरिष्ठांना कानपिचक्या मिळतात आणि नाइलाजाने विशेष पथक नेमले जाते. शेवटी रस्त्यावर गँटचा मृतदेह सापडतो. साक्षीदारांच्या मनातील भीती इतक्या कमी संवादांत क्वचितच कोणी दाखवली असेल.

कथानक काल्पनिक असले, तरी ते जेथे घडते त्या बाल्टिमोर शहराचे वास्तव त्याहून सौम्य नव्हते. ऑक्टोबर २००२ मध्ये अमली पदार्थ विकणाऱ्यांची पोलिसांकडे तक्रार करणाऱ्या बाल्टिमोरमधील एका कुटुंबाचे घर पेटवून देण्यात आले. त्यात पाच मुलांसह सात जणांचा बळी गेला.